वडिलांच्या जुन्या गाड्या: रंग उतरवण्याआधी

तुमच्या यादीतली मॅचबॉक्सची लंडन बस आधी बाजूला काढून ठेवा. तिच्याकडे शेवटी येऊ.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सहा खेळण्यातल्या गाड्या सापडल्या. मॅचबॉक्सची लाल डबलडेकर, कलकत्त्याच्या निकी टॉइजची जॅग्वार ई-टाईप, कॉर्गीची सोनेरी ॲस्टन मार्टिन, नाव नसलेल्या दोन धातूच्या मोटारी आणि एक प्लॅस्टिकची फियाट. सगळ्यांचा रंग उडालाय, टायर कडक झालेत किंवा गळून गेलेत. सगळ्यांचा रंग उतरवून नव्याने रंगवायचं, बसची बेस्टची बस करायची आणि फियाटची काळी-पिवळी टॅक्सी करायची, असा तुमचा बेत आहे. रिव्हेट (गाडीचा वरचा भाग आणि खालचा बेस जोडणारे खांब) कसे उघडायचे आणि कुठला रंग वापरायचा, एवढंच तुम्हाला हवं होतं.

दोन्ही सांगतो. पण त्याआधी यातल्या तीन गाड्यांचा रंग उतरवू नका, हे सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी एकतीस वर्षं भोसरीत एका डायकास्टिंगच्या कारखान्यात काढली, त्यातली सव्वीस वर्षं संध्याकाळी हाच उद्योग केला. रंग उतरवायला वीस मिनिटं लागतात. कारखान्यात १९६५ साली भट्टीत भाजून बसवलेला रंग त्यानंतर कुणालाही परत आणता येत नाही. म्हणून माझ्या टेबलावर एकच क्रम चालतो: उलटवता येईल ते काम आधी, उलटवता न येणारं सगळ्यात शेवटी, आणि त्याची वेळ येण्याआधी एक महिना थांबायचं.

ॲस्टन मार्टिनचं उदाहरण घ्या. ती जेम्स बाँडची डीबी-५ आहे, कॉर्गीचा क्रमांक २६१, साल १९६५. सिनेमातली गाडी रुपेरी, म्हणून 'खरा' रंग द्यावा असं तुम्ही लिहिलंय. पण कॉर्गीने ती सोनेरीच काढली होती. रुपेरी रंगात ती १९६८ मध्ये आली, तेव्हा तिचा क्रमांक २७० होता, आणि नंबरप्लेट फिरवायची व टायर कापायची सोय त्या वेळी जोडली गेली. तुमची २६१ रुपेरी केलीत तर ती दोन्हींपैकी एकही उरणार नाही. सोनेरी रंग साठ टक्के शिल्लक आहे म्हणता, तर तिला साबणाचं कोमट पाणी, मऊ टूथब्रश आणि छपराच्या यंत्रणेत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, एवढंच द्या. छतातून उडणारा माणूस हरवलाय, तो सुटा भाग म्हणून आजही मिळतो. तो बसवला की काम झालं.

आता धातू. आमच्याकडे सगळे याला सरसकट 'जस्त' म्हणायचे, पण हा मिश्रधातू आहे: बहुतांश जस्त, साधारण चार टक्के ॲल्युमिनियम आणि नावापुरतं मॅग्नेशियम. तो चारशे अंशांच्या आतच वितळतो, पोलादी साच्यात दाबाने भरतो आणि दाराच्या मुठीसुद्धा स्वच्छ उठतात. त्याचा मोठा शत्रू म्हणजे शिसं. शिसं किंवा कथील अगदी अत्यल्प मिसळलं, तरी धातूच्या कणांच्या सीमांवर गंज आतल्या आत सरकत राहतो. आम्ही भट्टीजवळ कल्हईची कांडीसुद्धा येऊ देत नसू. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश छापाच्या कितीतरी खेळण्यातल्या गाड्या यामुळेच चुरा होऊन गेल्या. संग्राहक त्याला 'मेटल फटीग' म्हणतात, पण धातू थकलेला नसतो, तो आतून सडलेला असतो. त्यावर उपाय नाही. दमट आणि उष्ण हवेत तो वाढतो, म्हणून कोकणातल्या घरातली गाडी अधिक बारकाईने तपासावी.

तुमच्या दोन बेनामी मोटारी भिंगाखाली धरा. रंगाखाली केसासारख्या बारीक भेगांचं जाळं, फुगलेलं बॉनेट, वाकलेला बेस यातलं काही दिसलं तर ड्रिल लावूच नका. रिव्हेटचा खांब हातात तुटून येईल. तसं काही नसेल, तर शिकण्यासाठी या दोघीच योग्य. पहिली चूक त्यांच्यावर होऊ द्या.

रिव्हेट उघडण्यात रहस्य काही नाही, फक्त घाई नको. खांबाचं टोक बेसच्या बाहेर येऊन छत्रीसारखं पसरवलेलं असतं. ती छत्री तेवढी कापायची, खांब शाबूत ठेवायचा. मधोमध पंचने खूण करा, एक मिलिमीटरच्या ड्रिलने उथळ छिद्र पाडा, मग खांबाच्या जाडीपेक्षा किंचित मोठा ड्रिल हळू वेगात लावा. जस्त ड्रिलला ओढून घेतं, म्हणून हाताने फिरवायचा पिन व्हाइस सुरुवातीला बरा. छत्रीचं वर्तुळ कडीसारखं सुटून ड्रिलभोवती फिरायला लागलं की थांबा. तिथून पुढे गेलेला प्रत्येक अर्धा मिलिमीटर खांबातून जातो. बेस सुटल्यावर खांबात १.६ मिलिमीटरचं, पाच-सहा मिलिमीटर खोल छिद्र पाडून एम-२ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, म्हणजे पुढे बेस स्क्रूने बसवता येतो. रॉकेलचा थेंब टाका, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप आत तुटला तर तो बाहेर काढणं जवळपास अशक्य असतं. पुण्यात ही हत्यारं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात, पिन व्हाइस सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडेही असतो.

सुटे भाग काढताना त्याच क्रमाने मोबाइलवर फोटो काढा. बेसखालच्या स्प्रिंगची तार कुठल्या खाचेत होती, हे तीन आठवड्यांनी कुणालाही आठवत नाही.

रंग उतरवायला रंगाच्या दुकानात मिळणारा जेलीसारखा पेंट रिमूव्हर चालतो. काचेची बरणी, जाड हातमोजे, आणि काम गच्चीत किंवा अंगणात. त्याची वाफ बंद खोलीत जिवावर बेतू शकते, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. आणि ऐकीव सल्ल्यावरून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात गाडी टाकू नका. कॉस्टिक रंगाबरोबर जस्तही खातो. मी तरुणपणी एका डिंकी व्हॅनचं तसं केलं. तासाभराने रंग गेला होता, आणि रेडिएटरच्या जाळीच्या उभ्या रेषाही गेल्या होत्या. ती व्हॅन अजून माझ्याकडे आहे, जाळीच्या जागी सपाट धातू घेऊन.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासायचं नाही. वॉटर पेपर ओला करूनच वापरायचा, गाळ कागदात गुंडाळून टाकायचा, घरात लहान मूल असेल तर टेबलाच्या आसपास येऊ द्यायचं नाही. प्लॅस्टिकच्या फियाटला यातलं काहीच लावू नका. थिनर, ॲसिटोन, रिमूव्हर, कशानेही ती विरघळेल. तिचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, टूथब्रशने हळूहळू निघतो. वेळ लागतो, पण गाडी वाचते.

उघडा पडलेला धातू भांड्याच्या साबणाने धुवा, पितळी ब्रशने हलकं घासा, हेअर ड्रायरने कोरडा करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उघड्या जस्तावर बोटांचे ठसे आणि पांढरा गंज फार लवकर उमटतो. प्रायमर धातूला धरणारा हवा, 'एच' (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी, आणि इतका पातळ की दाराची फट भरू नये. पुट्टी जपून. मोठं मोटारकाम करणाऱ्या मेकॅनिकचा हात पुट्टीकडे आपोआप जातो, पण एवढ्याशा गाडीत पुट्टी म्हणजे कास्टिंगचा चेहरा पुसणं.

इथे निकीची जॅग्वार आणतो, कारण तिच्याबद्दल तुम्ही 'भारतीय नक्कल' असा शब्द वापरलाय. ती नक्कल नाही. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनी डिंकी गाड्या करायची. त्यांचे जुने साचे भारतात आले आणि कलकत्त्यात त्याच साच्यांतून निकीच्या गाड्या पडू लागल्या. काहींच्या बेसवर डिंकीचं नाव खरवडून टाकल्याच्या खुणा बोटाला लागतात. साचा झिजलेला, म्हणून कडांना जास्तीच्या धातूची पातळ पापडी, रंग जाडसर, काचा कमी पारदर्शक. बरेच जण ही पापडी कानसतात आणि रंग डिंकीसारखा तलम करतात. मला ते दुःखद वाटतं. आयातीवर निर्बंध असलेल्या काळात आपल्याकडच्या मुलाला जी जॅग्वार मिळाली ती ही अशी होती. तिची पापडी हा तिचा जन्मदाखला आहे. तुमच्या जॅग्वारला टायर द्या, चाकं सरळ करा, रंगाला हात लावू नका.

टायर घेताना अंदाज नको, व्हर्नियरने रिमचा व्यास आणि रुंदी मोजा. परदेशातले सुटे भाग विकणारे मिलिमीटरच्या मापाने टायर देतात. तोवर हार्डवेअरच्या दुकानातली नायट्राइल रबराची ओ-रिंग चालते. तिचा काप गोल असतो, टायरसारखा सपाट नाही, पण गाडी रिमवर उभी राहून रिम घासत नाही. स्वस्त, मऊ आणि तेलकट लागणारे टायर टाळा. त्यातलं मऊपणा आणणारं रसायन बाहेर झिरपतं आणि प्लॅस्टिकचं चाक किंवा प्रदर्शनाच्या डबीचा तळ वितळवतं. कितीतरी डब्यांत चार खड्डे पडलेले मी पाहिलेत, बरोबर चार टायरांच्या जागी.

काचा म्हणजे खरं तर प्लॅस्टिकच. ओरखडे असतील तर २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, मग ब्रासो कापसाच्या बोळ्यावर घेऊन गोल गोल न फिरवता एकाच दिशेने चोळा. आतून तडकलेली काच पॉलिशने सुधारत नाही. काच परत बसवताना सुपरग्लू जवळही आणू नका. त्याची वाफ काचेवर पांढरं धुकं बसवते. साधा पांढरा फेव्हिकॉल टूथपिकने कडेला लावा. वाळल्यावर तो दिसत नाही आणि पुढे कधी काच काढायची झाली तर सोलून निघतो.

आता रंगकाम. खरा रंग कोणता होता हे ठरवायला बेस काढल्यावर आतल्या कोपऱ्यात आणि खांबाच्या मुळाशी बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. त्या ठिपक्यावरून मोटारींच्या रंगाच्या दुकानात छटा जुळवून घेता येते. साध्या, चमकी नसलेल्या रंगांसाठी मी अजून एनसी लॅकरच वापरतो. आपल्याकडे जुने लोक त्याला सरसकट ड्युको म्हणतात. तो पातळ बसतो, लवकर वाळतो आणि चुकला तर थिनरने निघतो. हार्डनर मिसळायचे टू-के रंग देखणे दिसतात, पण त्यातला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. कागदी मास्क त्याला अडवत नाही, म्हणून घरी करणाऱ्याला मी ते कधीच सुचवत नाही.

एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरचा नोझल, दाब २० ते २५ पीएसआय, रंग दुधाइतका पातळ, अंतर दहा-बारा सेंटिमीटर. पहिला हात इतका हलका की प्रायमर दिसत राहावा. तीन हात पुरतात. स्प्रे कॅनने करणार असाल तर कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकंच, उकळतं कधीही नाही.

आणि पावसाळ्यात रंगवू नका. लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ तिथे जमते आणि काळा रंग राखाडी, लाल रंग दुधाळ होतो. त्यासाठी रंग हळू वाळवणारा रिटार्डर मिळतो, पण जुलैत मुंबईत तोही हात टेकतो. माझं वर्षाचं वेळापत्रक यावरच बसलंय: जून ते सप्टेंबर उघडणं, सफाई, टायर, सुट्या भागांचा शोध, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रंग.

बंपर, दिवे यांच्या रुपेरी रंगाबद्दल एक गोष्ट. कारखान्यात हा रंग साच्याचा मुखवटा लावून फवारत, त्यामुळे त्याच्या कडा किंचित धूसर असायच्या. तीन शून्याच्या (०००), म्हणजे अगदी बारीक ब्रशने आखीवरेखीव भरलेला बंपर सुंदर दिसतो आणि लगेच ओळखूही येतो. पुनर्रचना करताय की सजावट, हे आधी ठरवलं तर हात कुठे थांबवायचा ते कळतं.

सजावट मला कमी प्रतीची वाटते असं समजू नका. उलट तुमच्या फियाटची टॅक्सी वाचून मला आनंद झाला. शेवटची पद्मिनी (म्हणजे आपली फियाटच) टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती फियाट ज्यांनी रोज पाहिली, ते टेबलावर छोटी पाहून थबकतात. पांढरा प्रायमर, त्यावर छताचा पिवळा, तो पूर्ण वाळला की मास्किंग टेप आणि मग काळा. उलट क्रमाने काळ्यावर पिवळा कधीच झाकत नाही. टेपची मूळ कड वापरू नका, तिला धूळ चिकटलेली असते. टेप काचेवर चिकटवून ब्लेडने नवी कड कापा. काळा पूर्ण कडक होण्याआधी टेप हळूच, स्वतःवर दुमडत ओढा.

टॅक्सी ओळखू येते ती मात्र मीटरने. यांत्रिक मीटर डाव्या बाजूला बाहेर, पुढच्या काचेजवळ असायचा. १:४३ प्रमाणात तो जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरचा होईल. प्लॅस्टिकच्या पट्टीचा ठोकळा कापा, वर बारीक तारेचा दांडा लावा. छतावरचा कॅरियर अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेने करा. डाग (सोल्डरचा जोड) गाडीपासून दूर, लाकडाच्या फळीवर आखलेल्या नकाशावर द्या, आणि तयार कॅरियर मगच छतावर चिकटवा. हे एवढं जमलं की बाकी चुका कुणी पाहत नाही.

रंगवलेल्या प्रत्येक गाडीच्या बेसच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने 'पुन्हा रंगवली' आणि साल कोरा. मी हे न चुकता करतो. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नव्या रंगाची गाडी 'जशीच्या तशी' म्हणून विकली जाते, पहिल्यांदा घेणारा पैसे घालवतो आणि छंदच सोडतो. तुमच्या हातून गाडी प्रामाणिकपणे गेली तरी तिसऱ्या हातात काय होईल ते आपल्या ताब्यात नसतं. कोरलेली ओळ गाडीबरोबर राहते.

राहिली बस. फोटोवरून ती मॅचबॉक्सची पाच नंबरची, १९६५ नंतरची रूटमास्टर आहे, बाजूला 'व्हिस्को स्टॅटिक' तेलाची जाहिरात, काळी प्लॅस्टिकची चाकं. मॅचबॉक्स बनवणारी लेस्नी कंपनी या गाड्या एका प्रमाणात नाही, डबीच्या मापात बसतील अशा करायची, म्हणून ती इतर गाड्यांशेजारी चिमुकली दिसते. तिची बेस्टची बस करण्याची ओढ मला समजते. बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला धावली, तेव्हापासून मला अशा दहा-बारा विनंत्या आल्या आहेत. त्या मी तुटक्या, रंग पूर्ण गेलेल्या बसवर पूर्ण केल्या. तशी बस तुम्हालाही मिळेल.

पण या बसच्या खाली वडिलांनी खिळ्याने नावाची आद्याक्षरं कोरली आहेत, असं तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय. तिचा डावा पुढचा कोपरा चेपलाय आणि तिथला रंग गुळगुळीत झिजलाय. लहान मूल गाडी फरशीवर ढकलताना बोटं जिथे टेकवतं, ती हीच जागा. जाहिरातीचा स्टिकर पाण्याने सुटू शकतो, म्हणून तिला धुऊही नका. कापसाची काडी जिभेवर ओली करून, एका वेळी नखाएवढी जागा पुसा. संग्रहालयांतही नाजूक रंगावर लाळ वापरतात. ॲक्सल वाकलाय तो सरळ करू नका, तेल फक्त टोकांना लावा.

मग वडिलांना विचारा, तिला कुठल्या खोलीत चालवायचे.